डेल्फिया किट: युरोपियम सुटल्याशिवाय उजेड पडत नाही

डेल्फिया म्हणजे अँटीबॉडीवर (ठरावीक रेणूला पकडणाऱ्या प्रथिनावर) युरोपियम हा धातू लावून, त्याच्या चमकेवरून नमुन्यातला रेणू मोजणारी किट. एलायझासारखीच (विकराने उमटवलेल्या रंगावरून मोजणाऱ्या चाचणीसारखीच) ९६ वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची, प्लेट, तेवढंच धुणं आणि शेवटी दिसायला तसाच रीडर, म्हणजे प्रकाश मोजणारं यंत्र. मग डेल्फियासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे, हा प्रश्न खरेदीच्या वेळी निघतोच आणि तो रास्त आहे. आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. नमुना गढूळ असेल (सीरम, वाळलेलं रक्त, फोडलेल्या पेशी) आणि मोजायचा रेणू अगदी नखभर असेल, तर डेल्फिया घ्या. नमुन्यात इडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं, रक्त गोठू नये म्हणून घालतात ते रसायन) असेल, किंवा चमक पेशीत नेमकी कुठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असेल, तर घेऊ नका. दोन्ही सल्ल्यांचं मूळ या पद्धतीच्या एकाच पायरीत आहे: शेवटी आम्ल घालून धातू मोकळा करणं.

फिनलंडमधल्या टुर्कू शहरातल्या वॉलॅक कंपनीची ही पद्धत १९८० च्या दशकात बाजारात आली. पुढे ती पर्किनएल्मरकडे गेली आणि २०२३ पासून खोक्यावर रेव्हिटी हे नाव असतं. मालक बदलले तरी रसायन जवळपास तेच राहिलं आहे, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘वॉलॅकची किट’च असते.

रसायन थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या सूचना नुसत्या कर्मकांड वाटतील. युरोपियमचा आयन स्वतःहून प्रकाश जवळजवळ शोषतच नाही; त्याच्या आतल्या एफ-कक्षांमधली संक्रमणं नियमाने निषिद्ध असतात. म्हणून त्याच्याभोवती एखादा सेंद्रिय रेणू बसवावा लागतो. तो अतिनील प्रकाश पकडतो आणि ऊर्जा धातूच्या हवाली करतो. ही ‘अँटेना’ची करामत सॅम्युएल वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवली होती. दुसरी अडचण पाण्याची. पाण्याचा रेणू धातूला थेट चिकटला की त्याच्या ओ-एच बंधाची थरथर ऊर्जा खाऊन टाकते आणि चमक मंदावते. थोडक्यात, चमकणारं संयुग हवं तर अँटेना जवळ हवी आणि पाणी दूर हवं. अँटीबॉडीवर लावायचं संयुग मात्र धातू घट्ट धरणारं, पाण्यात विरघळणारं आणि प्रथिनाला इजा न करणारं हवं. हे सगळे गुण एकाच रेणूत आणणं कठीण, म्हणून टुर्कूच्या लोकांनी काम दोघांत वाटून दिलं.

अँटीबॉडीवर बसतं ते डीटीटीए प्रकारचं चिलेट, म्हणजे धातूला वेढून धरणारा रेणू. ते युरोपियमला घट्ट धरतं, पण चमकत जवळजवळ नाही. धुणं संपल्यावर वेलमध्ये पडतं एन्हान्समेंट सोल्यूशन. त्याचा पीएच ३.२ असतो, आत १५ मायक्रोमोलर नॅप्थॉइलट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटोन, ५० मायक्रोमोलर ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड आणि ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१००. आम्लामुळे डीटीटीएची पकड सुटते. मोकळा धातू नॅप्थॉइलच्या (हीच आपली अँटेना) मिठीत जातो, फॉस्फिन ऑक्साइड उरलेल्या जागा अडवून पाणी बाहेर ठेवतो आणि ट्रायटनचे मायसेल (साबणाच्या रेणूंचे सूक्ष्म गोळे) या सगळ्याला घर देतात. काही मिनिटांत वेल ६१५ नॅनोमीटरला तांबडी चमकायला तयार होते. उत्तेजन ३४० नॅनोमीटरला, म्हणजे मधलं अंतर तब्बल २७५ नॅनोमीटर. (सीएफएल दिव्यातली लाली हीसुद्धा युरोपियमचीच, फक्त तिथे तो यट्रियम ऑक्साइडच्या स्फटिकात बसलेला असतो.)

खरी कमाई मात्र रंगापेक्षा वेळेची आहे. सीरममधली प्रथिनं, बिलिरुबिन, असल्या गोष्टींची चमक काही नॅनोसेकंदांत विझते. या द्रावणातल्या युरोपियमचं आयुष्य साधारण ७३० मायक्रोसेकंद आहे. म्हणून रीडर दिवा चमकवतो, ४०० मायक्रोसेकंद गप्प बसतो, पुढचे ४०० मायक्रोसेकंद मोजतो आणि हे चक्र दर १ मिलिसेकंदाला पुन्हा करतो. हिशोब करून पाहिला तर या खिडकीत युरोपियमचा जेमतेम पाव भाग प्रकाश येतो; तीन चतुर्थांश वाया. पण बाकी सगळ्यांचा प्रकाश शून्यावर आलेला असतो, त्यामुळे हा पाव भाग कोऱ्या कागदावरच्या शाईसारखा उठून दिसतो. खिडकी मोठी केली तर काउंट वाढतील, हे खरं. पण खिडकी अलीकडे ओढली की प्लेटच्या प्लॅस्टिकची रेंगाळणारी चमकही आत शिरते, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचं जातं. कारखान्याने दिलेली वेळ बदलू नका.

धातू मोकळा करण्याचा आणखी एक फायदा जाहिरातीत फारसा दिसत नाही. फ्लुओरेसीनसारखा रंग अँटीबॉडीवर दाटीने लावला तर शेजारचे रेणू एकमेकांनाच विझवतात. इथे लेबल (अँटीबॉडीवर लावलेलं युरोपियमचं चिलेट) चमकतच नाही आणि चमकतं तेव्हा ते अँटीबॉडीपासून सुटलेलं असतं. त्यामुळे एका अँटीबॉडीवर ५ ते १० युरोपियम लावले तर प्रकाशही त्या पटीत वाढतो. वरची मर्यादा अँटीबॉडीच्या स्वभावाची: लेबल जिथे चिकटतं ते लायसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) फार अडवले की ती पकड विसरते.

एलायझाशी तुलना करायची तर तिथल्या टीएमबी या रंगद्रव्याचा पिवळा रंग साधारण शंभर पटींच्या पल्ल्यात सरळ रेषेत चालतो. डेल्फिया दहा हजार ते लाख पटींचा पल्ला सहज पेलतं. म्हणजे नमुन्याची तीन-तीन विरलनं लावायची गरज कमी. स्टॉप सोल्यूशन घालताना घड्याळाकडे बघत धावावं लागत नाही, कारण विकराची अभिक्रिया चालूच नसते. प्लेट झाकून ठेवली तर काही तासांनी वाचली तरी चालते. सोडियम अझाइड एलायझातल्या पेरॉक्सिडेज या विकराला मारतं, युरोपियमला त्याचं काही वाटत नाही. म्हणून बफर टिकवायला अझाइड बिनधास्त वापरता येतं. लेबल लावताना मात्र नाही. ते पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष काम. नेहमीची सँडविच पद्धत (रेणू दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडायचा) किंवा बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन (एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी), दोन्ही चालतात. स्ट्रेप्टाव्हिडिन-युरोपियमचा साठा ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा येतो. अ‍ॅसे बफरमध्ये १:१००० करून वेलला १०० मायक्रोलिटर, खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं, शेकरवर. शेकर ऐच्छिक समजू नका. प्लेट नुसती टेबलावर ठेवली तर रेणू भिंतीपर्यंत आपापल्या गतीने पोहोचतात आणि वेलगणिक फरक पडतो. धुण्याचं द्रावण २५ पट दाट येतं: ४० मिलिलिटरमध्ये ९६० मिलिलिटर शुद्ध पाणी. लेबल घालण्याआधीची धुणी तीन-चार पुरतात, लेबलनंतर सहा हवीतच. शेवटच्या धुण्यानंतर प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटा, पण एका जागी दोनदा आपटू नका. त्या टिश्यूवर युरोपियम असतं.

एन्हान्समेंट सोल्यूशन फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार ओतलं तर आधी भरलेल्या आणि शेवटी भरलेल्या रांगांत फरक दिसतो, आणि लोक तो पिपेटचा दोष समजतात. वेलला २०० मायक्रोलिटर, ५ मिनिटं हळू शेक, मग वाचन. ट्रायटन आहे, फेस होतो. जोरात सोडू नका, बुडबुडा राहिला की त्या वेलचा आकडा विसरा. बाटलीतून लागेल तेवढंच वेगळ्या भांड्यात घ्या आणि उरलेलं परत बाटलीत ओतू नका. इथे काटकसर महागात पडते.

या किटबद्दलच्या दहा तक्रारींतल्या आठ पुढच्या एका गोष्टीशी येऊन थांबतात: प्रदूषण. शेवटी आम्ल घातल्यावर वेलमधला प्रत्येक युरोपियम चमकतो, मग तो अँटीबॉडीवरून सुटलेला असो की कुणाच्या हातमोज्यावरून पडलेला. ही पद्धत सांगू शकत नाही की धातू कुठून आला. साधा हिशोब करा. स्ट्रेप्टाव्हिडिनच्या साठ्यात, एका रेणूवर सात युरोपियम धरले तर, सुमारे १२ मायक्रोमोलर धातू असतो. त्याचा १ नॅनोलिटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तुषार, २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये पडला तर ६० पिकोमोलर होतात. रीडरची मजल साधारण ०.१ पिकोमोलरपर्यंत. म्हणजे न दिसलेला तो तुषार ओळखमर्यादेच्या सहाशे पट झाला.

म्हणून एन्हान्समेंट सोल्यूशनसाठी पिपेट वेगळी ठेवा आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी लावा. लेबल असलेल्या द्रावणाला ती कधीच लागू नये. टिपचं टोक वेलच्या कडेला लावू नका. काचेची भांडी टाळा, कारण धातू काचेला चिकटून राहतो. एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिकच बरं. प्लेट-वॉशर इतर एलायझाबरोबर वाटून घेत असाल तर त्याच्या सुया आणि नळ्या नेमाने धुवा. लेबल लावण्याचं काम आणि प्लेट वाचण्याचं काम एकाच टेबलावर नको, शक्य असेल तर एकाच खोलीतही नको.

कुठे बिघडलं हे आकडेच सांगतात. सगळ्याच वेलचा बॅकग्राउंड सारखा वर गेला असेल तर एन्हान्समेंट सोल्यूशनची बाटली किंवा तिचं भांडं बाटलं आहे. नवी बाटली उघडून रिकाम्या प्लेटमध्ये नुसतं तेच घालून वाचा. मधूनच एखादी वेल भुतासारखी उठली असेल तर तुषार किंवा टिपचं टोक. एका रांगेत सगळं वर असेल तर वॉशरची त्या रांगेची सुई अर्धी बुजली आहे. सगळीकडे सिग्नल खाली असेल तर आधी बफर तपासा: इडीटीए, सायट्रेट किंवा भरपूर फॉस्फेट कुठून आलं का? दुर्मिळ मृदा धातूंना (युरोपियम त्यातलाच) फॉस्फेट फार प्रिय, म्हणून या किटमध्ये सगळं ट्रिस बफरमध्ये असतं. सवयीने पीबीएस (फॉस्फेटचं बफर) वापरणाऱ्यांनी निदान लेबलची पायरी आणि त्यानंतरचं धुणं ट्रिसमध्ये करावं.

स्वतःच्या अँटीबॉडीला लेबल लावायचं असेल तर आयसोथायोसायनेट असलेलं अभिकर्मक वेगळं मिळतं. ते लायसिनच्या अमाइनला पकडतं. त्यामुळे अँटीबॉडीच्या द्रावणात ट्रिस, ग्लायसिन, अझाइड, बीएसए (गाईच्या सीरममधलं प्रथिन) यातलं काही असेल तर लेबल त्यांच्याच गळ्यात पडतं. आधी स्तंभातून किंवा गाळणीने काढून टाका. कार्बोनेट बफर, पीएच ९ ते ९.३, १ मिलिग्रॅम अँटीबॉडीला ०.२ मिलिग्रॅम अभिकर्मक. रात्रभर ४ अंशांवर. मोकळं चिलेट काढायला जेलचा स्तंभ, पीएच ७.८ च्या ट्रिसमध्ये. आता अझाइड घातलं तरी हरकत नाही. किती लागलं हे बघायला किटमधलं १०० नॅनोमोलरचं युरोपियम मानक एन्हान्समेंट सोल्यूशनमध्ये १:१०० करा आणि त्या १ नॅनोमोलरच्या आकड्याशी तुलना करा. गोठवणं-वितळवणं टाळा. हे लेबलिंग सोपं आहे, पण सगळ्यात जास्त युरोपियम सांडतं ते याच दिवशी.

इडीटीएचा मुद्दा वेगळा घ्यायला हवा, कारण इथे आकडा चुकला तर बाळाचं नुकसान होतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब गाळण कागदावर घेऊन टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार दाखवणारं संप्रेरक) तपासणं, हा डेल्फियाचा जुना आणि मोठा उपयोग. सुमारे ३ मिलिमीटरच्या चकतीत जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त असतं. त्यातून संप्रेरक मोजायचं म्हणजे ही संवेदनक्षमता हवीच. पण कुणी टाचेऐवजी जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त कागदावर टाकलं, तर त्यातलं इडीटीए लेबलमधला युरोपियम ओढून घेतं आणि तो धुण्याबरोबर वाहून जातो. टीएसएचची चाचणी सँडविच असते: सिग्नल घटला की टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि थायरॉइड कमी असलेलं बाळ (त्याचं टीएसएच खरं तर वाढलेलं असतं) ‘ठीक’ म्हणून निसटतं. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची चाचणी स्पर्धात्मक, म्हणजे रेणू जितका जास्त तितका सिग्नल कमी: तिथे सिग्नल घटला की आकडा खोटाच वाढतो आणि धडधाकट बाळाच्या आईबापांना धावाधाव करावी लागते. एकाच कागदावर टीएसएच विचित्रपणे खाली आणि दुसरं विचित्रपणे वर दिसलं, तर आधी नमुना कसा घेतला ते विचारा. प्रसूतिगृहाला पाठवायच्या सूचनांत ही ओळ मोठ्या अक्षरांत हवी.

एका वेलमध्ये दोन गोष्टी मोजायच्या तर युरोपियमच्या जोडीला समेरियम मिळतं. त्याची चमक ६४३ नॅनोमीटरला आणि आयुष्य फक्त ५० मायक्रोसेकंदांच्या घरात. युरोपियमच्या खिडकीपर्यंत समेरियम पार विझलेलं असतं, म्हणून तिकडे घुसखोरी नाही. उलट बाजूने मात्र आहे: युरोपियमची एक अंधूक रेषा समेरियमच्या वाटेत येते, तिची वजाबाकी रीडरमध्ये लावून ठेवा. समेरियम बरंच मंद असतं. दोन रेणूंपैकी जो कमी प्रमाणात आहे त्याला युरोपियम द्या, मुबलक असलेल्याला समेरियम. हे उलटं केलं की किट बेकार म्हणून बोंब मारायची वेळ येते. टर्बियम (५४५ नॅनोमीटर) आणि डिस्प्रोशियमही आहेत, पण त्यांना वेगळा अँटेना लागतो आणि जादा द्रावणाची पायरी वाढते. चार रंगांचा सोस सहसा फळाला येत नाही.

याच घराण्यातली पेशी-मारणाची किट आम्हाला मूळ किटइतकीच उपयोगी वाटते, आणि तिच्यात खोड्याही तितक्याच आहेत. लक्ष्य पेशींना बीएटीडीए नावाचा एस्टर पाजतात. तो पेशीत शिरतो, आतली विकरं त्याचे एस्टर तोडतात आणि उरलेला टीडीए भारित असल्याने आत अडकतो. मारक पेशींनी भिंत फोडली की टीडीए बाहेर पडतो. वरचं २० मायक्रोलिटर द्रव २०० मायक्रोलिटर युरोपियम द्रावणात घालून १५ मिनिटं शेकलं की चमक तयार. दोन-तीन तासांत उत्तर. एरवी हे काम क्रोमियम-५१ ने होतं. त्याचं अर्धायुष्य २७.७ दिवस, वर परवाना, बॅज आणि कचऱ्याची वही.

खोडी अशी की टीडीए आपणहूनही गळतो. के५६२ सारख्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तकर्करोगाच्या) पेशी चांगल्या धरून ठेवतात, ताज्या काढलेल्या पेशी बऱ्याचदा नाही. मिलिलिटरला १० लाख पेशी, ५ मायक्रोलिटर बीएटीडीए, ३७ अंशांवर ५ ते ३० मिनिटं: ही वेळ प्रत्येक पेशीसाठी आधी ठरवून घ्या, जास्त पाजलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही. मग तीन ते पाच धुणी. शेवटच्या धुण्याचं पाणी वाचून पार्श्वभूमी बघा. आपोआप गळती कमाल सुटकेच्या ३० टक्क्यांवर गेली तर तो प्रयोग मोजू नका; वेळ कमी करा किंवा धुण्यात प्रोबेनेसिड (पेशीतून बाहेर फेकणारे पंप अडवणारं औषध) घालून पाहा. आणि बीएटीडीएची कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड कुपीत हवेतली वाफ जमते, एस्टर बाटलीतच तुटतो आणि मग तो पेशीत शिरतच नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ही चूक हमखास होते.

रीडर घेताना ‘टीआरएफ (थोडं थांबून चमक मोजणं) होतं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. फिल्टरवर चालणारा, ३४० आणि ६१५ नॅनोमीटरचे फिल्टर बसवलेला, उशीर आणि खिडकी मायक्रोसेकंदात ठरवता येणारा हवा. मोनोक्रोमेटरवाल्या (फिल्टरऐवजी जाळीने तरंगलांबी निवडणाऱ्या) यंत्रांत प्रकाश फार वाया जातो आणि किटची अर्धी ताकद तिथेच मरते. विक्रेत्याला १ नॅनोमोलर युरोपियम आणि कोरी वेल, दोन्ही तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा. दोन आकड्यांचं गुणोत्तर माहितीपत्रकापेक्षा खरं बोलतं.

प्रतिस्पर्ध्यांबद्दल थोडक्यात. एचटीआरएफ आणि लान्स या पद्धतींत धुणंच नाही: चमकणारं युरोपियम संयुग एका अँटीबॉडीवर, ऊर्जा घेणारा तांबडा रंग दुसरीवर, दोन्ही ९ नॅनोमीटरच्या आसपास आले की ऊर्जा उडी मारते आणि ६६५ व ६२० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं गुणोत्तर वाढतं. एचटीआरएफमधला धातू क्रिप्टेटच्या पिंजऱ्यात असतो; क्रिप्टेटवरच्या कामासाठी ज्याँ-मारी लेन यांना १९८७ चं रसायनाचं नोबेल विभागून मिळालं. पिंजरा इडीटीएला दाद देत नाही. हजारो संयुगं ३८४ वेलमध्ये चाळायची असतील तर निःसंशय तीच घ्या. गढूळ नमुन्यात तळाची पातळी गाठायची तर धुणाऱ्या डेल्फियाचं पारडं जड. आयोडीन-१२५ ची रेडिओइम्युनोअ‍ॅसे किट (किरणोत्सर्गी लेबलची चाचणी) वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून मिळते आणि संवेदनक्षमतेत ती हलकी नाही. पण ६० दिवसांत लेबल अर्धं होतं, महिन्याला दहा नमुने करणाऱ्या लॅबचं अर्धं किट वाया जातं. युरोपियम झिजत नाही.

ऑर्डर देताना एन्हान्समेंट सोल्यूशनची एक बाटली जास्तीची मागवा, आणि नव्या लॉटची कोरी वेल जुन्या लॉटबरोबर एकाच प्लेटवर वाचून तारखेसह बाटलीवर लिहून ठेवा.